वाड्याची आग: ज्वाळा संगणकावर, उजेड जागेवर

इंदूरच्या एखाद्या जुन्या वाड्याला लागलेली आग शॉर्टफिल्ममध्ये दाखवायची असेल, तर ज्वाळा खुशाल संगणकावर घाला. पण त्यांचा उजेड चित्रीकरणाच्या वेळीच माणसांवर आणि भिंतींवर पडला पाहिजे. प्रेक्षक ज्वाळांपेक्षा चेहऱ्याकडे जास्त बघतो. तिथला उजेड हलत नसेल, तर उत्तम ज्वाळाही वरून चिकटवलेली दिसते. खऱ्या लाकडी वाड्यात मात्र साधा पलितासुद्धा पेटवू नका.

उजेडासाठी मंडपवाल्याकडचे 500 वॅटचे तीन हॅलोजन पुरतात. डिमरने मंद केले की ते आपोआप जास्त तांबूस होतात, आगीला हेच हवं. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र, किमान 1000 वॅटचा डिमर लावा. पंख्याचा रेग्युलेटर चालणार नाही, तापून जळेल. त्यातले दोन दिवे खाली, आग जिथे दाखवायची त्या बाजूला, एकमेकांपासून फूटभर अंतरावर ठेवा आणि दोन माणसांनी आपापला डिमर वेगवेगळ्या लयीत हलवावा. दोन्ही एका ठेक्यात हलले, की ती आग गणपतीतल्या रोषणाईसारखी लपलपते. अंतरामुळे सावल्याही थोड्या सरकतात. एकाच दिव्याने तो परिणाम येत नाही. तिसरा दिवा, जिथून ज्वाळा बाहेर दाखवायच्या त्या खिडकीच्या आत, छताकडे तोंड करून ठेवा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग, 3200 केल्व्हिनवर पक्का करा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तांबूसपणाच काढून टाकतो. एक्स्पोजरही (चित्र किती उजळ येईल ते) लॉक करा. प्रत्येक शॉटनंतर कॅमेरा न हलवता माणसांशिवायची फ्रेम दहा सेकंद घ्या, पुढे दुरुस्तीला लागते. धूर मशीनचाच, खोलीत सोडलेला. चेहऱ्यावर काजळाचे पुसट हात आणि ग्लिसरीन-पाण्याचा हलका फवारा.

आता ज्वाळा. त्यांचं चित्रीकरण वेगळं, रात्री मोकळ्या मैदानात, लोखंडी घमेल्यातल्या वाळक्या लाकडांच्या जाळाचं करा. वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक जवळ हवेत. पेट्रोल, रॉकेल अजिबात नको. मागे फक्त अंधार असावा. एक्स्पोजर इतकं कमी ठेवा की ज्वाळेचा गाभा पांढरा न होता नारिंगी राहील. पांढरा झालेला भाग नंतर परत मिळत नाही.

बहुतेक जण चुकतात ते वेगात. छोटी आग भराभर हलते, मोठी संथ. आकार जितका वाढवायचा त्याच्या वर्गमुळाइतका वेग कमी करावा लागतो. दोन फुटांची ज्वाळा चौपट करून आठ फुटांची दाखवायची, तर 50 फ्रेमने चित्रित करून 25 ने चालवा. सोळापट करायची तर 100 फ्रेम; पण वीतभर ज्वाळेला मोठ्या आगीसारखी फाटलेली टोकं नसतात, तिथे वेग कमी करूनही भागत नाही. म्हणून घमेलं मोठंच घ्या.

संगणकावर ज्वाळेचा थर 'स्क्रीन' मोडमध्ये (यात काळा भाग दिसत नाही, फक्त उजळ भाग दिसतो) ठेवा आणि त्याचा काळा भाग पूर्ण काळा करा, नाहीतर तिथे राखाडी चौकोन दिसतो. खिडकीच्या चौकटीच्या कडेने मास्क (थराचा नको असलेला भाग झाकणारा आकार) कापा, कड दोन-तीन पिक्सेल मऊ. गरम वायू वर चढतात, म्हणून ज्वाळा आणि धूर खिडकीच्या वरच्या भागातून बाहेर पडतात. खालून हवा आत ओढली जाते. उंबऱ्यापासून भरगच्च ज्वाळा दाखवल्या की दृश्य फसतं. दृश्यात वाऱ्याने पदर आणि धूर ज्या दिशेला जातो, ज्वाळाही त्याच दिशेने झुकाव्यात.

जळतं काय, हेही बघा. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. अशा इमारतीत ज्वाळा वरच्या सज्जांना द्या. दगडी भागाला फक्त कमानींच्या वर काजळी.

सगळ्यात शेवटी मूळ चित्राचा ग्रेन (बारीक रवे) ज्वाळेच्या थरावरही घाला. गुळगुळीत ज्वाळा रवाळ चित्रात लगेच वेगळी पडते.