बंड्याचं लाकडी घर

मेलबर्नला आल्यावर लेकीसाठी रीतसर परवाना काढून बिअर्डेड ड्रॅगन (ऑस्ट्रेलियातला एक पाळीव सरडा) आणला. नाव बंड्या. पहिल्याच हिवाळ्यात काचेच्या टाकीत तो दिवसभर काळवंडून बसायचा, खाणं जवळजवळ बंद. बघून जीव तुटायचा. बल्बखालच्या दगडाचं तापमान मोजलं तर जेमतेम 31 अंश! त्याला तिथे 40 च्या आसपास लागतं, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. काच आणि वरची जाळी सगळी ऊब घालवत होती.

मग प्लायवूडचं 120 × 60 × 60 सेंमीचं खोकं केलं, पुढे सरकत्या काचा. आतून पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात दिले, सांध्यांत सिलिकॉन भरलं आणि वास पूर्ण जाईपर्यंत दोन आठवडे बंड्याला आत सोडलं नाही. इथे घाई अजिबात करू नका.

चूक झाली ती झरोक्यात. बल्बच्या अगदी डोक्यावर मोठा झरोका पाडला होता, ऊब थेट बाहेर. तो बुजवला. थंड टोकाला खाली एक आणि मागच्या भिंतीत वर एक, असे दोन लहान पाडले. आता दगड 40, दुसरं टोक 26. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची ट्यूब आतच, छताला लावली, कारण काच ते किरण अडवते. बल्बला जाळीचं कवच हवंच, सरडे त्याला चिकटून भाजतात.

चौथ्या दिवशी सकाळी बंड्या दगडावर अंग पसरून, फिकट पिवळा होऊन बसला होता. लेकीच्या चिमट्यातून त्याने सात रातकिडे खाल्ले.