लॅपटॉपवर गेम अडकतोय? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

गेम खेळताना लॅपटॉप स्लो होतोय असं कुणालाही सांगा, दोनच सल्ले मिळतात, एक तर फॉरमॅट मार नाहीतर रॅम वाढव. कधीकधी तेच बरोबरही निघतं, नाही असं नाही, पण अंदाजपंचे पैसे घालवण्यापेक्षा तासभर बसून नेमकं कुठे अडतंय ते शोधलं तर बऱ्याचदा फुकटात काम होतं. खालचं सगळं विंडोज ११ धरून लिहिलंय, १० वर पण थोड्याफार फरकाने हेच.

१. अडतोय कोण, गेम की नेट?

व्हॅलोरंट किंवा सीएस २ (काउंटर स्ट्राइक) सारखे ऑनलाइन गोळीबाराचे गेम खेळताना समोरचा माणूस उड्या मारत इकडून तिकडे जातो, गोळी लागत नाही, पण माऊस फिरवला की स्क्रीन मात्र मस्त गुळगुळीत फिरते, तर तो नेटचा प्रॉब्लेम आहे, लॅपटॉपला शिव्या देऊ नका. दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, पुण्यातून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) कमीच यायला पाहिजे, १०० च्या वर जात असेल तर आधी सर्व्हर कुठला निवडलाय ते बघा, मग लॅनची वायर लावून बघा. सदाशिव पेठेतल्या हॉस्टेलात किंवा एखाद्या मोठ्या सोसायटीत वायफायची लिस्ट उघडली की वीसेक नावं दिसतात, तिथे सगळ्यांची गर्दी असलेल्या २.४ गिगाहर्ट्‌झवर गेम खेळायचा हट्ट करू नये, राउटरला ५ गिगाहर्ट्‌झ असेल तर तो वापरा. आणि माऊस फिरवतानाच स्क्रीन झटके खात असेल तर पुढे वाचा.

२. चार्जर

हसू नका, पण बॅटरीवर गेमिंग लॅपटॉप कधीच पूर्ण ताकदीने चालत नाही, ग्राफिक्स कार्डची पॉवर मुद्दाम कमी केलेली असते. बरं चार्जर लावला तरी तो कुठला लावलाय ते महत्त्वाचं. १८० किंवा २३० वॅटचा वीटेएवढा ओरिजिनल चार्जर घरी ठेवून ऑफिसचा ६५ वॅटचा टाइप सी लावला तर चार्जिंगचं चिन्ह दिसेल, गेम मात्र रडेल. काही लॅपटॉप डुप्लिकेट चार्जर ओळखतच नाहीत आणि प्रोसेसर अर्ध्या गिगाहर्ट्‌झच्या आसपास अडकवून ठेवतात, मग साधं ब्राउझर पण रांगतं. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड असा अडकलेला दिसला तर ओरिजिनल चार्जर लावून बघा. पॉवर मोड पण ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर करा, आणि कंपनीचं स्वतःचं ॲप असेल, आर्मरी क्रेट, व्हँटेज, नायट्रोसेन्स वगैरे, तर तिथेही सायलेंट मोड नाही ना ते बघा.

३. आता आकडे बघा

एमएसआय आफ्टरबर्नर टाका, फुकट आहे, कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर पण टाका म्हणजे गेमच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. चार गोष्टी चालू करा: एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात), जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड किती टक्के चाललाय, सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयूचं तापमान, आणि सीपीयूचा क्लॉक, म्हणजे त्याचा स्पीड. मग वीस मिनिटं तरी खेळा, दोन मिनिटांत काही कळत नाही.

सुरुवातीला सगळं झकास आणि दहा-पंधरा मिनिटांनी एफपीएस पडायला लागला, त्याच वेळी तापमान ९५ च्या पुढे आणि क्लॉक ४ गिगाहर्ट्‌झवरून २ च्या खाली, तर कारण सापडलं, गरमी. जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर आणि तापमान ठीक असेल तर कार्ड त्याचं काम नीट करतंय, तुम्हीच जास्त मागताय. आणि जीपीयू ५० टक्क्यांवर लोळतोय तरी एफपीएस कमी, तर प्रोसेसर, रॅम किंवा मागे चाललेलं काहीतरी आडवं येतंय.

४. गरमी

एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा ४० च्या आसपास जातो आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली रात्री दहालासुद्धा तापलेली असते. फॅन खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे डिसेंबरात नीट चालणारा गेम उन्हाळ्यात अडकला तर लगेच व्हायरस शोधत बसू नका. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून खेळणं आधी बंद. मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकं लावून तो इंचभर उचला, खालच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. हजार-बाराशेच्या कूलिंग पॅडपेक्षा हे आधी करा, माझ्या मते बरेचसे पॅड नुसते लाइट दाखवायला असतात.

तरी फरक नाही तर धूळ. मेट्रोचं खोदकाम, रस्त्याची कामं, शेजारची रिडेव्हलपमेंट, पुण्यात धुळीची कमी नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचे स्क्रू काढा (लांबीला वेगवेगळे असतात, कागदावर चित्र काढून त्यातच टोचून ठेवा), झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. फॅनची पाती वरून स्वच्छ दिसतात आणि लोक तिथेच थांबतात, खरा कचरा असतो फॅन आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक जाळीच्या मधल्या फटीत, तिथे धूळ आणि केस मिळून घोंगडीसारखा थर बसतो आणि हवा बाहेरच जात नाही. फॅन काढून तो थर चिमट्याने उचला, अख्खा निघतो. ब्लोअर मारणार असाल तर पातं काडीने धरून ठेवा, फॅन गरगर फिरू देऊ नका.

लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर थर्मल पेस्टही (चिपची उष्णता तांब्याच्या कूलरकडे नेणारा लेप) बदला. पेस्ट आणि जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बघा. वॉरंटी चालू असेल किंवा आत लिक्विड मेटल (पेस्टऐवजी वापरलेला पातळ धातू) असेल तर मात्र स्वतः हात घालू नका. बाहेर देणार असाल तर समोर उघडून द्याल का असं स्पष्ट विचारा, पुण्यात विचारायला कसली लाज.

साफसफाई करूनही तापत असेल तर एफपीएस ६० वर लॉक करा. स्क्रीन ६० हर्ट्‌झची असताना ११० एफपीएस काढून लॅपटॉप उगाच भाजतो.

५. गरम नाही, तरी स्लो

सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथे गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या, कारण कधीकधी मोठं कार्ड झोपलेलं असतं आणि गेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालतो. ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एनव्हिडिया किंवा एएमडीच्या साइटवरूनच घ्या. जीपीयू ९९ वर असेल तर गेमच्या सेटिंग्जमध्ये आधी शॅडो कमी करा, मग डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करून दाखवतात) चालू करा, टेक्स्चर सगळ्यात शेवटी. गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा.

आणि रॅम. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तरच तिकडे वळा. तिथेच ‘स्लॉट्स यूज्ड’ लिहिलेलं असतं, २ पैकी १ असेल तर दुसरी स्टिक टाकून ड्युअल चॅनल होतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकत्र चालून रॅमचा वेग वाढतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला तर याने चांगलाच फरक पडतो. दुकानात जाताना आधीची डीडीआर ४ आहे का ५ आणि तिचा स्पीड किती ते फोटो काढून न्या, ४ ची स्टिक ५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवायला जागाच नसते.