दाढेत कंपोझिट भरताना वेळ नेमका कुठे वाचतो

दाढेतल्या कंपोझिटला, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगला, खूप वेळ लागतो असं नवीन डॉक्टर नेहमी म्हणतात, पण घड्याळ लावून बघा, मटेरियल भरायला तेवढा वेळ लागतच नाही, वेळ जातो तो लाळ आली म्हणून परत बॉन्ड (फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव) लावण्यात, बँड (दाताला लावायची पातळ पट्टी) हलला म्हणून परत बसवण्यात आणि शेवटी हाय लागतंय, म्हणजे फिलिंग उंच वाटतंय, म्हणून घासत बसण्यात. म्हणून माझं तर ठाम मत आहे की घाई कुठे करायची असेल तर ती भरताना नको, आधीची तयारी नीट केली की घाई करायची वेळच येत नाही.

बधिर करायचं इंजेक्शन दिलं की ते लागेपर्यंतची मिनिटं वाया घालवू नका. शेड, म्हणजे दाताचा रंग, तेव्हाच बघून घ्या, कारण रबर डॅमखाली (लाळ दूर ठेवणारा रबराचा पडदा) दात सुकतो आणि आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो, मग शेड चुकते. आणि आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्यावर खूण उमटवणारा कागद) चावायला देऊन समोरचा दात कुठे टेकतो ते बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण शेवटचं घासणं यानेच कमी होतं, कारण कॅव्हिटीची, म्हणजे कीड काढलेल्या खड्ड्याची, कड नेमकी टेकणाऱ्या जागी येऊ द्यायची नाही हे आधीच कळतं.

मग रबर डॅम. एका दाताला भोक पाडून डॅम लावायचा नाही, क्लॅम्प (डॅम धरून ठेवणारा चिमटा) शक्यतो एक दाढ मागे लावा आणि पुढचे तीन चार दात बाहेर काढा, म्हणजे क्लॅम्प मॅट्रिक्सच्या (फिलिंगला आकार देणाऱ्या बँडच्या सेटच्या) रिंगच्या आड येत नाही. क्लॅम्प तोंडात नेण्याआधी त्याला फ्लॉस बांधायचा, हे न विसरता. आणि त्याच बाजूला दोन तीन दाढा किडलेल्या असतील तर एकाच बैठकीत करा, एक इंजेक्शन, एक डॅम, पेशंटच्याही फेऱ्या वाचतात. समोरासमोर दोन बॉक्स, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या एकमेकांकडच्या बाजूंचे खड्डे, असतील तर कीड दोन्हींची एकदम काढा पण आधी एक पूर्ण भरून बाजू गुळगुळीत करा, मग दुसरा.

बर (दात कोरायचं फिरतं टोक) लावायच्या आधी दातांच्या फटीत वेज (छोटी पाचर) घाला, हे मी प्रत्येक क्लास टूला, म्हणजे दोन दातांमधल्या बाजूच्या किडीला, करते. वेजमुळे दात हळूहळू एकमेकांपासून किंचित दूर होतात, बर शेजारच्या दाताला किंवा हिरडीला लागायची भीती कमी होते आणि रक्त येत नाही, रक्त आलं नाही की दहा मिनिटं वाचलीच समजा. कीड काढताना कडेचा भाग, म्हणजे इनॅमल (दाताचं बाहेरचं कवच) आणि डेंटिन (त्याच्या आतला थर) जिथे जुळतात ती रेघ, एकदम स्वच्छ आणि कडक हवी, पल्पच्या (दाताच्या आतल्या नसेच्या) जवळ मात्र थोडं मऊ डेंटिन राहिलं तर राहू द्या, उगाच पल्प उघडा पाडू नका.

आता मॅट्रिक्स, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अमाल्गम (जुनं चांदीसारखं फिलिंग) दाबलं की बँड बाहेर ढकलला जायचा, कंपोझिट तसं ढकलत नाही, त्यामुळे सरळ गोल बँड लावून घट्ट कॉन्टॅक्टची, म्हणजे शेजारच्या दाताला नीट टेकण्याची, अपेक्षा करू नका. सेक्शनल बँड (फक्त एका बाजूला बसणारी वक्र पट्टी), वेज आणि रिंग हे तिन्ही वापरा. वेजचं काम खालची कड सील करणं, रिंगचं काम दात एकमेकांपासून दूर करणं, एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. बसवल्यावर प्रोबचं टोक खालच्या कडेवरून फिरवा, कुठे फट लागली तर तिथेच सुधारा, आणि बँड शेजारच्या दाताला टेकलाय की नाही ते बघून आतून बर्निशरने (गुळगुळीत टोकाच्या हत्याराने) दाबा.

बॉन्डिंगसाठी मी फक्त इनॅमलला ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ सेकंद लावते, धुते, आणि मग युनिव्हर्सल बॉन्ड २० सेकंद घासून लावते, नुसता फासून सोडत नाही. हवा मारताना बॉन्डचा थर हलायचा थांबला पाहिजे, म्हणजे सॉल्व्हंट उडाला. कोपऱ्यात बॉन्ड साचला तर नंतर एक्स-रेमध्ये काळी रेघ दिसते आणि पुढचा डॉक्टर कीड समजून ती फिलिंग उघडतो. बाटलीवर वेगळे सेकंद लिहिले असतील तर बाटलीचं ऐका.

भरताना आधी बँडला लागून मार्जिनल रिजची (दाताच्या वरच्या बाजूकडच्या कडेची) भिंत उभी करा, क्युअर करा, म्हणजे लाइटने कडक करा, की क्लास टूचा क्लास वन, म्हणजे फक्त वरून भरायचा खड्डा, झाला, रिंग आणि बँड काढून मोकळ्या जागेत काम करता येतं. बॉक्सच्या तळाला अर्धा ते एक मिमी फ्लोएबल (पातळ वाहणारं कंपोझिट), त्यावर बल्क फिल (जाड थरात भरता येणारं कंपोझिट) ४ मिमीपर्यंत, साधं कंपोझिट असेल तर २ मिमीचेच थर. पण हे ४ मिमी अंदाजाने ठरवू नका, पेरिओ प्रोब (मिमीच्या खुणा असलेली सळई) घालून मोजा, कारण खोल बॉक्स सहज ६ मिमी निघतो आणि मग तळ कच्चा राहतो. पातळ वाहणारं बल्क फिल असेल तर वर २ मिमी साध्या कंपोझिटचा थर द्यावा लागतो. कंपोझिट गरम करून वापरत असाल तर कोपऱ्यात छान बसतं, फक्त हीटरमधून काढल्यावर पटकन थंड होतं, त्यामुळे सगळं तयार असल्याशिवाय काढू नका.

लाइटकडे फार दुर्लक्ष होतं आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. असिस्टंट धरते, डॉक्टर दुसरीकडे बघतो, टोक तिरकं होतं आणि तळापर्यंत लाइट पोचतच नाही. नारिंगी शील्ड लावून स्वतः बघत धरा, टोक दाताला काटकोनात आणि जितकं जवळ नेता येईल तितकं. पहिल्या थराला २० सेकंद द्या, बँड काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूनेही द्या, त्या वेळी हवा मारली तर दात तापत नाही. टोकाला चिकटलेलं कंपोझिट रोज बघा, रेडिओमीटरही (लाइटची ताकद मोजणारं यंत्र) मधूनमधून लावा.

वरचा आकार क्युअर करायच्या आधीच द्या, उरलेल्या कस्पचा (दाढेवरच्या उंचवट्याचा) उतार हाच तुमचा नकाशा, एकेक कस्प करत गेलात की बर कमी लागतो. वरून दात अखंड आणि आत कीड असेल तर उघडायच्या आधी फ्लोएबलने ठसा घ्या आणि शेवटच्या थरावर मध्ये टेफ्लॉन टेप ठेवून तोच दाबा, मूळ आकार जसाच्या तसा येतो. शेवटचा क्युअर ग्लिसरीन लावून करा, हवेमुळे राहणारा चिकट थर राहत नाही.

डॅम काढायच्या आधी फ्लॉस घाला, कॉन्टॅक्ट सैल असेल तर आत्ताच परत करा, कोरडं आहे तोवर. मग डॅम काढून पेशंटला सरळ बसवा आणि चावायला लावा, आडवं झोपवून तपासू नका, आणि खुणा आधीच्या फोटोशी जुळवा. बधिरपणा असताना पेशंटला नीट चावता येत नाही, त्यामुळे उद्या हाय वाटलं तर सहन करत बसू नका, लगेच या, असं त्यांना स्पष्ट सांगूनच पाठवा.