47 फुटी लाइफबोटीवर रुजू होताना

अमेरिकेच्या तटरक्षक दलाची 47 फुटी मोटर लाइफबोट (खवळलेल्या समुद्रात बचावाला जाणारी बोट) उलटली तर साधारण 10 सेकंदांत आपसूक सुलटी होते. नवशिक्यांना भुरळ पडते ती याचीच, आणि गफलतही इथेच होते. सुलटं करणारं वेगळं यंत्र बोटीत नाही. इंजिनं आणि इंधन खाली, तर हवेने भरलेली बंद केबिन वर. बोट उलटली की केबिन पाण्याखालून उसळी मारते आणि जड तळ वर टिकत नाही. पण एखादं दार नीट लागलेलं नसेल तर केबिनमध्ये पाणी भरतं, उसळी जाते आणि बोट उलटीच राहू शकते.

म्हणून दारापासून सुरुवात करा. दाराच्या रबरी पट्टीवरून हाताचं बोट फिरवा. मीठ, रंगाचे थेंब, चीर लगेच कळतात. मग चौकटीच्या कडेला खडू लावा, दार बंद करून सगळे खटके आवळा, पुन्हा उघडा. पट्टीवर खडूची रेघ सलग उमटायला हवी. रेघ तुटली असेल तिथून पाणी येणार. आतलं सामान बांधून ठेवा. बोट उलटते तेव्हा सुटा पानाही डोकं फोडतो.

उघड्या ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या वरच्या जागेवर, सुरक्षा पट्ट्याच्या दोन्ही दोऱ्या कड्यांत अडकवा. जागा बदलताना एक अडकलेली राहू द्या, मगच दुसरी काढा.

मूळ दोन डिझेल इंजिनं प्रत्येकी 435 अश्वशक्तीची, वेग 25 नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). आधीची 44 फुटी पोलादी बोट जेमतेम 14 नॉट गाठायची. नवी ॲल्युमिनियमची, चार जणांनी चालवायची. मर्यादा मात्र पाठ हव्यात: लाटा 30 फूट, फुटणाऱ्या लाटा 20 फूट, वारा 50 नॉट.

प्रशिक्षण शाळा वॉशिंग्टन राज्यात केप डिसअपॉइंटमेंटला आहे, कारण शेजारी कोलंबिया नदीचं तोंड. ओहोटीचा प्रवाह समुद्राच्या लाटांना भिडला की लाटा आखूड, उभ्या होतात आणि फुटतात. कोकणात खाडीच्या तोंडातून होडी काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

समोरून लाट येताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) थेट तिच्यावर धरा, जोर लावा आणि माथ्यावर पोचण्याआधी थ्रॉटल कमी करा. उशीर झाला तर बोट हवेत उडून पलीकडे आदळते आणि कंबर तिथेच जाते. फेसात बोट ढकलणाऱ्या पंख्याला पकड मिळत नाही. इंजिन ओरडतं, बोट ढिम्म. त्यासाठी फेसाच्या कडेने घट्ट हिरवं पाणी शोधायची नजर हवी. पाठीमागून लाट असेल तर पुढच्या लाटेच्या पाठीवर राहा. घाईने माथा ओलांडलात तर नाळ खाली रुतते, मागची लाट बोटीचा मागचा भाग फिरवते आणि बोट आडवी पडते.

उलटून सुलटी झाल्यावर आधी माणसं मोजा, मोठ्याने. मोजता मोजताच सुकाण्यावरच्याने नाळ पुढच्या लाटेकडे वळवायची.