होडीवर सोलरने पेन्सिल सेल फुल चार्ज होत नव्हते, शेवटी असं जमलं
हर्णैला आमच्या होडीवर जीपीएस आणि हेडटॉर्चचे 2000 एमएएचचे रिचार्जेबल सेल दिवसभर सोलरवर ठेवूनही रात्री लगेच उतरायचे. नवे सेल आणले, मोठं पॅनल लावलं, फरक शून्य, खूप वैताग आला. मग दिसलं की होडी डोलली की डोलकाठीची सावली पॅनलवर येते, व्होल्टेज पडतं आणि चार्जर बंद होऊन परत पहिल्यापासून सुरू होतो. आता असं केलंय: आधी 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी सोलर चार्ज कंट्रोलरला (पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा) जोडली, प्लसच्या वायरवर बॅटरीजवळच फ्यूज, त्यानंतरच पॅनल (हा क्रम उलटा करू नका), मग बॅटरीवरून यूएसबी सॉकेट आणि त्याला प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर, 500 मिलीअँपवर. आता सावली आली तरी बॅटरीमुळे चार्जर बंद पडत नाही, साधारण पाच तासांत सेल फुल. चार्जर मात्र केबिनमध्येच ठेवा, खाऱ्या हवेने त्यातल्या सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना गंज चढतो.