हॅमट्रॅमिक कोणाचं? अमेरिकेतल्या छोट्या शहराचा निकाल असा वाचावा

'अमेरिकेतलं मुस्लिम शहर ट्रम्पकडे गेलं' असं 2024 नंतर बरेच जण ठोकून देतात. शहर म्हणजे मिशिगनमधलं हॅमट्रॅमिक. डेट्रॉइटनं जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेलं, 2020 च्या जनगणनेत 28 हजारांच्या आसपास वस्तीचं. एके काळी पोलिश कामगारांचं, आता येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबांचं. तिथे 2020 मध्ये बायडन यांना सुमारे 85 टक्के मतं होती. 2024 मध्ये हॅरिस यांना 46, ट्रम्प यांना 43 आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना 9 टक्क्यांच्या घरात मिळाली. पडझड प्रचंड, पण ट्रम्प तिथे हरलेच. बातमी सोडा, निकाल स्वतः वाचा.

आकडे मिळवा. हॅमट्रॅमिक ज्या वेन काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात येतं, तिच्या क्लार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावरून प्रिसिंक्टनिहाय (मतदान विभागवार) तक्ता उतरवून घ्या. झालं.

कारभार कसा चालतो ते बघा. कौन्सिलवर, म्हणजे नगर परिषदेवर, सहा सदस्य, मुदत चार वर्षांची, दर विषम वर्षी तीन जागा. वॉर्ड नाहीत, सगळं शहर मिळून निवडून देतं. मतपत्रिकेवर उमेदवारापुढे पक्ष नसतो. रोजचा कारभार सिटी मॅनेजरकडे, म्हणजे आपल्याकडे महापौर आणि आयुक्त असतात तसंच काहीसं. मिशिगनमध्ये मतदार नोंदणीत पक्ष लिहितच नाहीत, त्यामुळे 'इथे नोंदणीकृत डेमोक्रॅट इतके टक्के' असं कोणी सांगितलं तर तिथेच वाचन थांबवा.

छेद ठरवा, म्हणजे टक्केवारी काढताना कशानं भागायचं ते. खरं डोकं इथे लागतं आणि बहुतेक लेखांची माती इथेच होते. मीही बरेच दिवस या आकड्यांशी झटलो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

महाराष्ट्रात चार सदस्यांचा प्रभाग असला तरी अ, ब, क, ड जागा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेला एकेक मत. ते डोक्यातून काढून टाका. हॅमट्रॅमिकमध्ये कौन्सिलचे सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि मतदाराला त्यातून तीनपर्यंत नावं निवडता येतात. एकच निवडलं तरी चालतं. पहिले तीन निवडून येतात.

समजा 4,000 मतपत्रिका पडल्या. जास्तीत जास्त 12,000 मतं होऊ शकली असती, पण यादीतल्या सगळ्यांची बेरीज आली 9,000. एका उमेदवाराला 1,800 मतं आहेत. संकेतस्थळ त्याच्यापुढे 20 टक्के दाखवतं, कारण ते 1,800 ला 9,000 नं भागतं. 'पाचातल्या एकानेच पसंत केलं' असं यावरून लिहिणारे हमखास भेटतात. चूक! त्याला 4,000 पैकी 1,800 जणांनी, म्हणजे 45 टक्के मतदारांनी निवडलं. छेद मतपत्रिकांचा घ्यायचा, मतांचा नाही.

राहिलेली 3,000 मतं वाया गेली असंही समजू नका, गावची गोष्ट तीच सांगतात. 'फक्त आपल्या माणसाला द्या, बाकीचं कोरं ठेवा' असा निरोप गल्लीत फिरला की न वापरलेली मतं वाढतात, कारण आपलंच दुसरं मत आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला जाऊ शकतं. हे प्रमाण प्रिसिंक्टनिहाय काढा. जिथे ते जास्त आणि एकाच उमेदवाराची आघाडीही मोठी, तिथे संघटन घट्ट आहे असा कयास बांधता येतो. कयासच, पुरावा नव्हे! कित्येक जण वरची मोठी लढत भरून कंटाळतात आणि खालचे रकाने सोडून देतात. तीनपेक्षा जास्त खुणा झाल्या तर त्या लढतीतली त्या मतदाराची सगळीच मतं बाद होतात. ती संख्या तक्त्यात वेगळी दिली असेल तर आधी वजा करा.

आणि छेदात लोकसंख्या कधीही घालू नका. स्थलांतरितांच्या शहरात लहान मुलं आणि अजून नागरिकत्व न मिळालेले प्रौढ पुष्कळ असतात.

टपाली मतं शोधा. मिशिगनमध्ये पुष्कळ ठिकाणी ती वेगळ्या मंडळात मोजतात, म्हणून तक्त्यात त्यांच्या ओळीही वेगळ्या असू शकतात. त्या गाळून प्रिसिंक्टांची तुलना करणं म्हणजे अर्धंच गाव मोजणं.

मेयरवरून शहर ओळखू नका. 2021 मध्ये आमेर गालिब यांनी 2006 पासून मेयर असलेल्या कॅरेन माजेव्स्की यांना दोन तृतीयांशांच्या आसपास मतं घेऊन हरवलं. सप्टेंबर 2024 मध्ये गालिब यांनी ट्रम्पना पाठिंबा दिला आणि सगळं श्रेय-अपश्रेय त्यांच्या खात्यावर जमा झालं. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, गाझाच्या रागातून, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत इथे 'अनकमिटेड'ला, म्हणजे 'कुठल्याच उमेदवाराला बांधील नाही' या पर्यायाला, बायडन यांच्यापेक्षा जास्त मतं पडली होती. मतदार आधीच उठले होते, मेयरसाहेब नंतर आले.

आडनावांचा खेळ खेळू नका. आडनावावरून जात हुडकायची आपली खोड इथे कामाची नाही. अहमद, अली, हसन येमेनीही असतात आणि बांगलादेशीही. या दोन समाजांचे उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहतात, तेव्हा 'मुस्लिम मतं' अशी एकच थप्पी लावणाऱ्याला काहीच कळत नाही.

थांबा. मतदानाच्या रात्रीचा तक्ता कच्चा असतो. काउंटीच्या कॅनव्हासिंग मंडळाला पडताळणीसाठी 14 दिवस मिळतात. छोट्या शहरात दहा-वीस मतांनीही जागा इकडची तिकडे होते, म्हणून टक्केवारी त्या अधिकृत तक्त्यावरूनच काढा.