लंडनचं जॉर्जियन रो-हाउस दुरुस्त करताय? या चुका टाळा

१८२०च्या सुमाराचं, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातलं (जॉर्जियन) लंडनमधलं घर चुन्यात रचलेलं असतं. तरी लोक दुरुस्तीला आधी सिमेंटच आणतात, आणि मला सर्वांत जास्त वेळा निस्तरावी लागलेली चूक हीच. इस्लिंग्टनमध्ये एकांनी दर्शनी भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटने भरून घेतल्या. दोन वर्षं भिंत नव्यासारखी दिसली. तिसऱ्या हिवाळ्यात विटांचे पापुद्रे सुटून दारापुढच्या पायऱ्यांवर पडू लागले, आत गिलाव्याला ओल आली. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून वाळून जातं. ती वाट बुजली की ते मऊ विटेत अडकतं, थंडीत गोठतं आणि वीट फोडतं. ओलीसाठी भिंतीत रसायन भरायचा सल्ला त्यांना मिळाला होता. मी म्हटलं, आधी सिमेंट काढू. ग्राइंडर लावू दिला नाही, कारण सहा-आठ मिलिमीटरच्या दरजेत चाक जरा सरकलं तरी विटेची कड जाते. छिन्नीने पाच आठवडे लागले. मग भिंत भिजवून चुन्याचा माल भरला, वर ओलं गोणपाट टांगलं. पुण्याच्या वाड्यांवर राबलेल्या गवंड्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. हे काम थंडी पडायच्या आत उरकायचं. ज्यांना आठवड्यात घर हवंय, त्यांनी नवीन घर घ्यावं.

दुसरी चूक छपराची. यातल्या बऱ्याच घरांचं छप्पर कठड्यामागे दडलेलं असतं: दोन उतार मधल्या शिशाच्या पन्हळीत उतरतात आणि पाणी मागच्या बाजूला जातं. रस्त्यावरून काहीच दिसत नाही, म्हणून कुणी वर जात नाही. पानांनी तोंड तुंबलं की पन्हळीखालची तुळई कुजते. मी वर्षातून दोनदा चढतो, पानगळ संपल्यावर आणि मार्चमध्ये. चिरलेल्या शिशावर डांबर फासू नका. गळती थांबत नाही, फक्त शोधणं अवघड होतं.

स्टुकोवर, म्हणजे दर्शनी भागाच्या गुळगुळीत गिलाव्यावर, प्लास्टिक रंग नको. दोरीवर वर-खाली सरकणारी खिडकी अडकली तर रंगाचे थर खरवडा, दोरी बदला. चौकट फेकू नका. मधली लाकडी भिंत पाडण्याआधी वरचा मजला तिच्यावर टेकलाय का, हे इंजिनिअरकडून बघून घ्या.

आणि बुजवलेली खिडकी दिसली की लगेच खिडकी-कराचं नाव घेऊन ती फोडायला निघू नका. खिडक्यांच्या संख्येवरचा तो कर १६९६ ते १८५१ होता आणि तो वाचवायला लोक खिडक्या बुजवत हे खरं, पण कितीतरी खिडक्या दर्शनी भाग समतोल दिसावा म्हणून मुळातच बंद बांधलेल्या आहेत. मागून धुराड्याची नळी जात असू शकते. आधी आतून बघा.